आतली कडी

कसबा बावडा, कोल्हापूर
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

चि. प्रियदर्शनी,

आण्णाचा आशीर्वाद.

तू डेन्मार्कला सुखरूप पोचलीस, तिथली माणसं चांगली आहेत आणि ताटात पडेल ते खातेस, एवढं आईच्या फोनवरच्या मेसेजवरून कळलं. इकडं सगळं ठीक. पहिला महिनाभर घरी फोन लावायचा नाही असं तुला तिकडं पाठवणाऱ्या क्लबवाल्यांनी बजावलंय, सारखं घर दिसलं की पोरांचं तिथं मन लागत नाही म्हणे. पत्राला बंदी नाही. तसंही फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "हां, हां" करून आईकडं देतेस. आज वर्कशॉपला सुट्टी आहे, म्हणून कागद घेऊन बसलोय. शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नकोस.

बातमी अशी, की आपल्याकडची पाहुणी काल आली. क्लबची अटच होती की, ज्या घरची पोर बाहेर जाते त्या घरानं बाहेरची एक पोर वर्षभर ठेवून घ्यायची. तुझ्याच डेन्मार्कची आहे, सतरा वर्षांची, नाव सिग्ने. शेजारच्या चिमणाबाईला ते काही जमेना, तिनं दहा मिनिटांत तिची सगुणा करून टाकली. पोरगी गुणाची, त्या हाकेला पण वळून बघते.

तुझी खोली तिला दिली. तुझी पुस्तकं, कपाटाचा वरचा कप्पा, भिंतीवरचा नकाशा, कशाला हात लावलेला नाही. दाराचं थोडं काम होतं, तेवढं मी केलं.

आता कालचा तमाशा ऐक. मी आणि आई उजळाईवाडीला विमानतळावर आणायला गेलतो. गाडी गल्लीत शिरली तर निम्मी गल्ली आपल्याच दारात उभी. पोरगी घरात आली तर गल्ली तिच्या मागनं आत. कोण केसांना हात लावून बघतंय, कोण फोटो काढतंय. "एवढंच खाती व्हय? वाढा की अजून," म्हणून चिमणाबाईनं तिसऱ्यांदा आमटी ओतली. पोरगी घाम पुसत हसत होती. जेवली, हात धुतले, आईला थँक्यू म्हणाली, खोलीत गेली, दार ओढलं आणि आतून कडी घातली.

झालं. तुला आपलं घर माहीत आहे. आपल्याकडं दिवसाढवळ्या दार लावतं कोण? एक तर आजारी माणूस, नाहीतर रुसलेलं. एक तास गेला, दुसरा संपत आला. गल्ली काही हलेना. "चक्कर आली आसंल," "जेवण बाधलं आसंल," ज्याला जे सुचेल ते. शेवटी चिमणाबाई म्हणाली, "आवं, परक्याची पोर हाय. कायतरी बरंवाईट झालं तर काय सांगशिला? फोडा की दार." मलाही ते पटलं. उठलो आणि थाप मारायला हात उचलला.

आतून रडण्याचा आवाज आला. उशीत तोंड घालून रडतात तसा.

बाळा, माझा हात तसाच वर राहिला. त्याच दारावर हाच हात मी एकदा आपटला होता, आणि तेव्हा आत तू होतीस.

आता लपवत नाही. दाराचं काम म्हणजे कडी. क्लबच्या फॉर्मवर लिहिलं होतं, मुलीच्या खोलीला आतून कडी पाहिजे. आईनं ते मोठ्यानं वाचलं आणि फॉर्म माझ्यापुढं सरकवला. मी म्हटलं, "आणतो की नवीन." तर म्हणाली, "नवीन कशाला? जुनी तुमच्याच पेटीत हाय की."

होती. चारही स्क्रूसकट. तुझ्या दहावीच्या सराव परीक्षेनंतर मी काढलेली. गणितात मार्क कमी पडले आणि तू तासभर दार लावून आत. मला वाटलं, फोनवर कुणाशी तरी बोलत बसलीस. ओरडलो, थापा मारल्या, शेवटी लाथ घातली. तू दार उघडलंस तर डोळे सुजलेले. तुझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तो मला दिसत होता. दिसत असून थांबलो नाही. स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि कडीच काढली. मार्क कमी पडले गणितात आणि शिक्षा दाराला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू खाली बसलीस, सांडलेले स्क्रू गोळा केलेस आणि माझ्या हातात दिलेस.

तेव्हापासून दीड वर्ष तू माझ्याशी लागेल तेवढंच बोललीस. जेवायला वाढू का. गाडीची किल्ली कुठाय. जाताना विमानतळावर पाया पडलीस, पण वर बघितलं नाहीस. ही पोर वर्षानं परत येईल ती या घरात येईल, का नुसती सामान न्यायला येईल, हेच घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात फिरत होतं. अजून फिरतंय.

कडी बसवायला खाली बसलो तेव्हा फरशीवर ओरखडे दिसले. दाराच्या मागं, अर्धगोल, एकावर एक. तुझ्या लोखंडी खुर्चीच्या पायांचे. कपडे बदलताना तू रोज दाराला खुर्ची लावत होतीस, आणि मला ते ठाऊकच नव्हतं. वर्कशॉपात लेथ मशीनवर केसाएवढा फरक पकडणारा मी. मला तिथंच रडू आलं. आई चहा घेऊन आली आणि कप ठेवून गेली.

तर काल मी हात खाली घेतला. सगळ्यांना म्हटलं, "चला, आपापल्या घरला जावा. पावणी झोपलीया." चिमणाबाई म्हणाली, "झोपली न्हाय, रडतीया. ऐकू येतंय मला."

"रडू दे की मग. दार तिचं हाय."

ती फणकारून गेली. (आज सकाळी सगुणासाठी थालीपीठ घेऊन परत हजर. राग तिच्या नाकावर, पण तिथंच राहतो.) कडी बसवताना तुझी ती लोखंडी खुर्ची बाहेर काढली होती, तीच दारापुढं टाकून मी बसलो, कुणी दार वाजवू नये म्हणून. पाचच्या सुमारास कडी सरकली. तोंड धुतलेलं, केस बांधलेले. आईला तिनं इंग्रजीत सांगितलं, घरची आठवण आली होती, रडून घेतलं, आता बरं वाटतंय, भूक लागलीय. मी असा का बसलोय म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "वॉचमन." तेव्हा पोरगी पहिल्यांदा खळखळून हसली. चहाबरोबर तीन चिरमुऱ्याचे लाडू खाल्ले आणि कट्ट्यावर आमच्यात येऊन बसली.

मला वाटायचं, पोरीनं दार लावलं म्हणजे पोर हातची गेली. त्या दिवशी तूही रडून झाल्यावर आपणहून बाहेर आली असतीस, माझ्याकडं चहा मागितला असतास. मी तेवढी वाट बघितली नाही.

खरं म्हणजे हे सगळं मी तुला लिहिलंच नसतं. दाराचं काम केलं म्हणून पुढं गेलो असतो. पण आज सकाळी तू ज्यांच्या घरी राहतेस त्या बिर्गिटबाईंची मेल आली. तुझं लई कौतुक केलंय. आणि लिहिलंय की, पहिल्या दिवशी खोली दाखवली तेव्हा तू विचारलंस, मी दार लावलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, खोली तुझीच आहे. तरी तू रोज जिना उतरून खाली जातेस, त्यांना विचारतेस, आणि मग वर जाऊन दार लावतेस. ही तुमच्याकडची पद्धत असेल तर सांगा, आम्हीही पाळू, असं त्या विचारतात.

आई म्हणाली, "काय लिवू?" मी म्हटलं, "लिही, व्हय, आमच्यात पद्धत हाय." तिनं तसं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं. मला ते ऐकवेना. म्हटलं, पूस ते. मग मी सांगितलं तसं तिनं लिहिलं: ही आमची पद्धत नाही. ही तिच्या आण्णाची चूक आहे. दार लावायला तिनं कुणालाही विचारायचं नाही. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. "नक्की?" म्हटलं, पाठव.

म्हणजे पत्राच्या आधी तुला त्यांच्याकडूनच कळेल. पण परक्या बाईकडून कळलं आणि बाप मूग गिळून बसला, असं व्हायला नको. म्हणून हा कागद.

माझी चूक झाली, बाळा. मला माफ कर. हे म्हणायला दीड वर्ष लागलं, तेव्हा तूही हवा तेवढा वेळ घे. मनात येईल तेव्हा दोन ओळी लिही. तोवर मी थांबतो. थांबायला कालच शिकलोय.

सिग्ने जूनमध्ये जाईल. कडी राहणार. तेल घातलंय, एका बोटानं सरकते. ती फरशी बदलून घेऊ का, असं आई विचारत होती. मी नको म्हटलं. तू आल्यावर तू ठरव.

तब्येतीला जप. थंडीत कानटोपी घाल. आज खोलीत जाताना खाली कुणाला विचारू नकोस.

दार वाजवून बाहेरच थांबणारा,
तुझा आण्णा