पलंगाची फायरप्लेस

१९ डिसेंबर १९८२, रविवार. सकाळी ७.
निर्णय झाला. पुढच्या खोलीत फायरप्लेस बांधायची. खतवाल्याने दिलेल्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या पानाला आहे, अगदी तशी. चित्रात साहेब शाल पांघरून खुर्चीत बसला आहे, हातात पुस्तक, समोर आग. आपल्याकडे आग नको. आत लाल बल्ब. सेलूत अशी एकही नाही. वर्धेत चौकशी केलेली नाही, पण नसावीच.
सामान घरचंच. लेक नलूच्या लग्नापासून सागवानी पलंग नुसता पडून आहे. आमच्या लग्नात सासऱ्यांनी आंजीहून बैलगाडीत पाठवला होता. डोक्याकडची नक्षीदार फळी तर आयती आहे. सौ. म्हणाली, पलंग राहू द्या जी, काम पडते त्याचं. कसलं काम ते ऐकायला वेळ नव्हता. करवत शोधायची होती.

दुपारी ४.
करवत सापडली. दात नाहीत.

२० डिसेंबर, सोमवार.
तानबा सुताराला बोलावलं. पलंगावर हात फिरवत म्हणाला, बाबूजी, अस्सल माल हाये, काऊन कापून राह्यले? म्हटलं, तुला नाही समजणार. त्यानेही तसंच सांगितलं, की नाही समजलं.
जागेचा प्रश्न सुटला. तीन भिंतींना दारं आहेत, म्हणून खिडकीची भिंत. खिडकी बुजवावी लागेल. सौ.ने विचारलं, मंग उन्हाळ्यात कूलर कुठी लावसान? डिसेंबरात कूलरची काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

२६ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी.
झाली. पलंगाचे दोन पाय दोन्हीकडे खांब म्हणून उभे, वर नक्षीची फळी, आत रंगवलेले कोळसे. तानबा म्हणत होता चार खिळे बस झाले. मी म्हटलं, काम कायमचं हवं. खिडकीत विटा, सिमेंट, चौकटीला सळया, त्या थेट भिंतीत. आता भूकंप झाला तरी घर पडेल, फायरप्लेस पडणार नाही.

१ जानेवारी १९८३, शनिवार.
उद्घाटन. शेजारच्या आनंदाबाई चपला बाहेर काढून आल्या, नक्षीला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि विचारलं, कोन्ता देव बसवता जी यात? सौ. तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत असावी.
सगळे गेल्यावर शाल घेऊन बसलो. १९५४ साली सिमल्याच्या एका ऑफिसचं बोलावणं आलं होतं. वडील म्हणाले, इतक्या दूर मरायले कायले जातं? नाही गेलो. तेव्हापासून याच खोलीत आहे. आज पहिल्यांदा ते पत्र आठवून वाईट वाटलं नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
नलू हिंगणघाटहून आली. तिळगूळ दिला आणि पाया पडायला वाकली, तर सौ.ने तिला वाकू दिलं नाही. तेव्हा मला कळलं. पाचवा सरत आला आहे. मे महिन्यात बाळंतपण. दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत, फक्त मला नाही. सौ. म्हणते, सांगायले गेलती त तुमी करवत शोधून राह्यले होते.
फार आनंद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे. नलू पुढच्या खोलीत गेली आणि उभीच राहिली. विचारलं, बाबा, पलंग कुठी गेला? नलू स्वतः त्याच पलंगावर जन्मली आहे. मी म्हटलं, आहे की, फक्त उभा आहे.
तिने फायरप्लेस चांगली आहे असं म्हटलं. पोरगी समजदार आहे.

१७ जानेवारी.
संकल्प: (१) फेब्रुवारीअखेर नवा पलंग. (२) कूलरची पर्यायी व्यवस्था. (३) सौ.चं बोलणं शेवटपर्यंत ऐकणं.

२८ फेब्रुवारी.
फेब्रुवारी यंदा अठ्ठावीसच दिवसांचा.

२८ मार्च. होळी.
गल्लीतली पोरं लाकडं मागायला आली. सौ.ने त्यांना थेट पुढच्या खोलीत आणून फायरप्लेस दाखवली. मी मध्ये उभा राहिलो.

१० एप्रिल, रविवार.
ऊन भयंकर. कूलर अंगणात, आम्ही घरात. दोघं एकमेकांकडे दारातून पाहतो.
अखेर तानबाला बोलावलं. नलूपुढे माझी हौस काय मोठी? काढून टाकू म्हटलं. त्याने ठोकून पाहिलं, सळया पाहिल्या, वर छपराकडे पाहिलं. म्हणाला, हे काहाडलं त भितडं खाली येते बाबूजी, अन् भितडं आलं त छप्पर.
म्हणजे काम मजबूतच झालं होतं. पण आता अडकलो. ठेवावी तर नलू नाही, काढावी तर घर नाही. तानबा जाता जाता म्हणाला, मांगच्या विटा तेवढ्या फोडू का? नको म्हटलं. मागे भोक असलेली फायरप्लेस कधी कोणी पाहिली आहे?
यंदा उन्हाळा लवकर आला, म्हणजे लवकर जाईल.

२४ एप्रिल, रविवार.
विहीणबाई सुलोचनाबाई नलूला सोडायला आल्या. पुढच्या खोलीत बसल्या. दहा मिनिटं पदराने वारा घेत होत्या. नवी बाज आणली आहे ती मी दाखवली. त्यांना बरं वाटावं म्हणून लाल बल्बही लावला.
त्या म्हणाल्या, भाऊ, ही पोरगी इथी कशी राहीन? आमच्या इथी कूलर चालू हाये. मी लाल बल्ब बंद केला. खोलीत मलाच श्वास घेता येत नव्हता.
दुपारच्या गाडीने नलूला परत घेऊन गेल्या. नलू रडली नाही. जाताना नक्षीवरून एकदा हात फिरवला. ते मला सहन झालं नाही. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

१ मे, रविवार.
सौ. हिंगणघाटला गेली. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे सौ.च्या आईपासून चालत आलेलं. ही तर नलूच्या लग्नानंतर तिथे तासभरही बसली नाही. आज सोबत स्टोव्ह, डाळतांदूळ आणि पाण्याची सुरई घेऊन गेली. स्टँडवर लोक पाहत होते. मी म्हटलं, इतकं कशाला? ती म्हणाली, तुमी तुमची चूल सांभाळा, मी माही सांभाळतो.
पंचवीस वर्षांच्या संसारात फायरप्लेसला चूल म्हणू नको असं मी किती वेळा… नाही, चारच महिने झाले. फार दिवस वाटतात.

१७ मे, मंगळवार.
तार आली. मुलगा. दोघं बरी.
स्टँडपर्यंत धावत गेलो. गाडी सुटलेली. दुसरी उद्या सकाळी. परत आलो. घरात सांगायला कोणी नव्हतं. आनंदाबाईंना सांगितलं, त्यांनी साखर दिली.

दुपारी २.
सुचलं. पहार घेतली, बाहेरच्या बाजूने गेलो, खिडकीतल्या विटा फोडल्या. भिंत हलली नाही. छप्पर हललं नाही. कूलर बाहेर टेकवला, नवा वाळा लावला, पाणी भरलं.
सगळं मिळून अर्धा तास लागला. एप्रिलात तानबा हेच सांगत होता.

संध्याकाळी ७.
फायरप्लेसच्या तोंडातून गार वारा येतो आहे. वाळ्याचा वास. इतकी थंडी, की शाल पांघरावी लागली. लाल बल्ब लावला, खुर्ची ओढली, पुस्तक घेतलं. वाचवत नाही.
नलूला पत्र लिहायला घेतलं, की खोली आता मस्त झाली आहे, या. मग सुचलं, बाळंतपण तर तिकडेच झालं, ती आता कशाला येईल? पत्र फाडलं.
कॅलेंडर अजून भिंतीवरच आहे. चित्र पुन्हा नीट पाहिलं. त्यात खुर्ची एकच आहे.