दारातल्या बाईचं वाक्य

दौंड, रेल्वे क्वार्टर
१२ ऑगस्ट १९९८

सौ. म्हाळसा हिला दौंडहून मनापासून आठवण. अंकिता बाळा, आजीला हे सावकाश वाचून दाखव.

मी खुशाल आहे. आपला हनुमंत ड्यूटीवर गेला की घरात मी आन् पुस्तक. भाकरी जमतीय, जरा जाड होते. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

कॉलेजात पोरं मला आप्पा म्हणतात. "आप्पा, पटका काढा, फळा दिसंना!" असं दटावतातही. शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत, पण इथं नाटक शिकवतात. कविता एकट्याला म्हणता येते. नाटकाला समोर कुणीतरी लागतं.

काल सरांनी एक प्रवेश वाचायला दिला. म्हातारा नवरा घरातून निघतो. त्याचं बोलणं पानभर, ते मी वाचलं. बायकोला एकही वाक्य नाही. कंसात एवढंच : (ती दारात उभी राहते.)

सरांनी विचारलं, "तिच्या मनात काय असेल?"

एक पोरगी म्हणाली, "राग." मागून कुणी ओरडलं, "सुटले एकदाची!" सगळी हसली.

"आप्पा, तुम्ही सांगा."

मी तो कंस परत वाचला.

जूनमध्ये मी कॉलेजासाठी निघालो, तवा तूही तशीच उभी होतीस. एस.टी. येईपर्यंत मीच बोलत होतो.

तुझ्या मनात काय होतं, ते अंकिताला सांग, ती लिहील. 'या' असं असेल, तर तेवढंच लिहिलं तरी पुरे.

तुझ्या वाक्यासाठी थांबलेला,
गेणबा