खालच्या छतावरचा डाग

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
नवी वही. यात फक्त निरीक्षणं लिहायची, भावना नाहीत. मला भावना फारशा नाहीतच, त्यामुळे जड जाणार नाही.

परिस्थिती अशी. घरमालक काका आणि काकू खाली राहतात आणि सात महिने एकमेकांशी बोलत नाहीत. वरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरला तेव्हाही बोलले नाहीत. काकांनी एक किल्ली मला दिली, त्याच दिवशी काकूंनी दुसरी तिला. ती म्हणजे नाटकांसाठी विग बनवणारी. दोघी सामान घेऊन एकाच दारात उभ्या. मी चार मिनिटं आधी पोचले होते. हे कुणीच लक्षात घेत नाही.

हॉलमध्ये तिची अकरा थर्मोकोलची डोकी. सगळ्यांची तोंडं माझ्या खोलीकडे. फिरव म्हटलं, तर म्हणाली, राहू दे गं, त्यांना तेवढीच करमणूक.

संकल्प: महिनाभर तिच्याशी एक शब्दही बोलायचा नाही.

५ मार्च, बुधवार
अबोला सुरळीत चालू. सकाळी फक्त तिच्या बाथरूमच्या जाळीत अडकलेल्या केसांविषयी बोलले. नऊ मिनिटं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तू झोपेतही नाकाने कांदे सोलतेस का?

उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर संकल्प मोडला असता.

८ मार्च, शनिवार. दुपारी
महत्त्वाचं. खाली दिवाणखान्याच्या छतावर ओला डाग. शिडी मागवून मोजला. ४२ बाय ३१ सेंटिमीटर, कड वाढती.

काका मला म्हणाले, त्यांना सांग, त्यांच्या लाडकीने विग धुऊन धुऊन माझं घर कुजवलं. काकू दीड मीटरवर शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, त्यांना सांग, कपडे धुण्याचं मशीन कुणाच्या लाडकीचं आहे ते. दोन्ही निरोप मी शब्दशः पोचवले. काकू मधेच म्हणाल्या, ऐकू येतंय मला, बहिरी नाहीये मी. मग हेही काकांना सांगितलं.

तासाभराने निर्णय झाला. पाणी जिच्याकडून गळतंय, तिने एकतीस तारखेला जागा सोडायची. दुसरीला सगळा फ्लॅट.

इथून माझी लॅब चालत अकरा मिनिटं. मला हा फ्लॅट हवा आहे. आणि मिळणार आहे, कारण तिच्याकडे केस आहेत आणि माझ्याकडे पुरावा असेल. मशीन मी स्वतः बसवलंय, पुस्तिका वाचून. प्लंबरला हात लावू दिला नाही. प्लंबर पुस्तिका वाचत नाहीत.

९ मार्च, रविवार
ती दारात येऊन म्हणाली, अगं, एका माणसाला बोलावू, दोघींच्या नळ्या बघून जाईल, जे असेल ते दुरुस्त करू, उगाच बोभाटा कशाला?

याला माझ्या भाषेत कबुली म्हणतात. तारीख आणि वेळ टिपली.

१२ मार्च, बुधवार
पद्धत ठरली. तिच्या बाथरूममध्ये लाल रंग, माझ्या मशीनच्या पाण्यात हिरवा. छतातून जो उतरेल तो गुन्हेगार. लॅबमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांच्या तराजूतल्या आणि थर्मामीटरमधल्या चुका शोधते, हे तर त्या मानाने किरकोळ काम. रंग मागितला तेव्हा साहेबांनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, न्यायासाठी. त्यांनी बाटली दिली आणि रजा हवी आहे का, असंही विचारलं.

संध्याकाळी माझ्या दाराच्या मुठीला राखाडी विग अडकवलेला. खाली चिठ्ठी: तुझ्या वयाला शोभेल. मी चोवीस वर्षांची आहे. दुर्लक्ष केलं. विग कचऱ्यात टाकला. तो उद्याच्या नाटकाच्या प्रयोगाचा होता म्हणे. चिठ्ठीत तसं लिहिलं नव्हतं.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०.००
चाचणी. काका आणि काकू खाली खुर्च्यांवर, पाठीला पाठ लावून. विगवाली दाराला टेकून चिवडा खात होती. दोन्ही रंग सोडून मी खाली आले आणि सर्वांना पद्धत समजावली. काका म्हणाले, शाब्बास, याला म्हणतात शिक्षण.

बावीस मिनिटं काही नाही. तेविसाव्या मिनिटाला थेंब. काकांच्या टकलावर.

काकांनी विचारलं, लाल आहे ना गं? मी प्रकाशाची दिशा तपासत होते. काकू वळून म्हणाल्या, हिरवा आहे हो. काका म्हणाले, नीट बघ. काकू म्हणाल्या, मी नीटच बघतेय, तुमचा चष्मा कुठाय? काका म्हणाले, तूच ठेवतेस कुठेतरी. मग काकूंनी टॉवेल आणला आणि त्यांचं डोकं पुसलं. हिरवा गेला नाही. काकू हसायला लागल्या, मग काकाही.

सात महिन्यांनंतरचं त्यांचं पहिलं संभाषण. कुणी माझे आभार मानले नाहीत.

१७ मार्च, सोमवार. सायंकाळी ६.३०
एका चाचणीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. रंग बदलून पुन्हा केली. माझ्याकडे लाल, तिच्याकडे हिरवा.

लाल आला.

विगवाली म्हणाली, बघ, काल म्हणत होतीस ना, लाल म्हणजे मी! आणि जिन्यात बसून हसली. काकूंनी परस्पर प्लंबर बोलावला होता. त्याने मशीन पुढे ओढलं, नळी दोन बोटांनी उचलली. ती भोकात बसवलेलीच नव्हती, नुसती शेजारी टेकवलेली. इतके दिवस निम्मं पाणी फरशीखाली. त्याने विचारलं, ताई, पुस्तिका कुठल्या मशीनची होती?

पुस्तिकेतली आकृती अस्पष्ट आहे. कंपनीला पत्र लिहायचं.

२२ मार्च, शनिवार
काकांना एकटं गाठलं. मांडणी तर्कशुद्ध होती: मी तुमची भाडेकरू, नळी आता दुरुस्त, शिवाय घरात शांतता माझ्या चाचणीमुळे आली. काकांनी सगळं पटल्यासारखी मान हलवली. म्हणाले, थांब, हिच्याशी बोलून सांगतो.

दारात अकरा मिनिटं थांबले. आतून दोघांचा कुजबुजण्याचा आवाज, मग खिदळणं. मग काकू बाहेर आल्या. म्हणाल्या, हे म्हणतायत, एकतीस म्हणजे एकतीस. आणि छताच्या रंगाचं आम्ही बघून घेऊ, तू नको काही लावूस.

२९ मार्च, शनिवार
नवी जागा ठरवली. निर्णय पूर्णपणे माझा. लॅब बसने एक तास दहा मिनिटं, म्हणजे वाचनाला रोज दोन तास वीस मिनिटं मिळतील. खोलीत आणखी तिघी आहेत. तिघींपैकी एक बासरी शिकतेय. तिच्याशी पहिल्या दिवसापासून नियम स्पष्ट ठेवायचे.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
लोखंडी कपाट एकटीने जिना उतरत नाही. तीन कोनांतून प्रयत्न केला. टेम्पोवाला म्हणाला, मी गाडी चालवतो, कपाटं नाही. काका-काकू सकाळीच कुठेतरी जोडीने फिरायला गेलेत.

तिच्या दारावर टकटक केली. उघडलं तेव्हा तोंडात पिना. म्हटलं, जरा धरतेस का? तिने एकेक पिन काढली. सात होत्या. विचारलं, जड बाजू कुठली? म्हटलं, वजन दोन्हीकडे सारखंच आहे, मोजलंय. म्हणाली, मग तू खालची धर.

एकूण अठ्ठावीस पायऱ्या. जिन्यात वजन सारखं राहत नाही, हे मला बाराव्या पायरीवर कळलं. तिला वरच ठाऊक असावं. ती वरून एका हाताने धरून सूचना देत होती. डावीकडे घे. अगं डावीकडे. माझं नाही, तुझं डावं.

मी डावीकडे घेतलं.