माझा तिसरा निरोप समारंभ

९ जानेवारी १९४५

आज नववीची पोरं विचारायला आली — अण्णा, निरोप समारंभाला खुर्च्या कशा मांडायच्या? मलाच विचारणार. माझे दोन निरोप समारंभ झालेत. दोन्ही वेळा गळ्यात हार पडला, दोन्ही वेळा मी डोळे पुसत भाषण केलं, आणि दोन्ही वेळा जूनमध्ये परत येऊन त्याच बाकावर बसलो! सांगितलं त्यांना — हेडमास्तरांची खुर्ची उन्हात ठेवा, भाषण आटोपशीर होतं.

मॅट्रिकच्या वर्गात आम्ही अकरा. मिशी माझी एकट्याची, बायकोही माझी एकट्याची. म्हणून सगळा वर्ग मला अण्णा म्हणतो. दोन्ही वेळा गणितानं पाडलं. पहिल्यांदा सव्वीस, दुसऱ्यांदा सत्तावीस. शिवकांता म्हणते, प्रगती आहे. बायकोनं असं तोंडावर बोलावं का!

आप्पांनी काल जेवताना सांगून टाकलं. यंदा शेवटचं. नापास झालो की कापडाच्या दुकानात गादीवर बसायचं, हातात गज घ्यायचा. मला मास्तर व्हायचंय. गज हातात आला की सुटणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आप्पांच्या हातातला सुटला का?

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन मठात गेलो, चन्नबसप्पाकडं. आमच्या वर्गात हुशार म्हणजे हाच. उमरग्याच्या पलीकडच्या खेड्यातला, घरी कानडी बोलणारा. नापास न होता शिकेल तोवर मठात राहायला-जेवायला मिळतं, त्यावर शिकतो. त्याला पुढं हैदराबादला जाऊन इंजिनियर व्हायचंय. होईलच. भूमिती त्याला अशी दिसते जशी मला गल्ली दिसते.

पण त्याचंही एक दुखणं आहे. आठवीपासून या शाळेत आला, त्यामुळं उर्दू कच्चं. हैदराबाद सरकारची शाळा, गणित, इतिहास सगळं उर्दूतूनच, ते तो घोकून निभावतो. मजमून — निबंध — लिहायला बसला की पेन चालत नाही. आणि माझं उर्दू? तीन वर्षं तेच पुस्तक! मौलवीसाहेब विसरले तर मी आठवण करून देतो.

मग ठरलं. रोज सकाळी गावाजवळच्या हातलाईच्या डोंगरावर, देवळापाशी बसायचं. आधी एक तास तो मला भूमिती शिकवणार, मग अर्धा तास मी त्याला उर्दू.

२ फेब्रुवारी, जुमा

शाळेला शुक्रवारची सुट्टी. डोंगरावर दोन तास बसलो. चन्नबसप्पानं पायरीवर कोळशानं वर्तुळं काढली, पुजारीबुवा ओरडले, आम्ही पुसली, पुन्हा काढली. स्पर्शिका म्हणजे काय ते आज समजलं. तीन वर्षं नुसतं नाव ऐकत होतो! ऊन तापलं, मग उठलो. उर्दू उद्या.

८ फेब्रुवारी

एक प्रमेय सुटलं. कुणाला न विचारता! शिवकांताला दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, आता दळण आणा.

१५ फेब्रुवारी

मौलवीसाहेबांनी मजमून दिला — दहा वर्षांनी तुम्ही कुठं असाल? सगळ्यांना वाचून दाखवायला लावलं. फार मजा आली. धनगराचा बिराप्पा पोलिसात अमीनसाहेब, म्हणजे फौजदार होणार, घोड्यावरून गावात येणार आणि ज्या पाटलानं त्याची मेंढरं कोंडवाड्यात घातली त्याच्या दारात घोडा बांधणार. गफूर बार्शीपर्यंत स्वतःची मोटार चालवणार आणि आम्हा सगळ्यांना पुढच्या सीटवर बसवणार. अकरा जण पुढच्या सीटवर कसे मावणार ते त्यानं लिहिलं नाही. मी लिहिलं की दहा वर्षांनी मी याच वर्गात असेन. मौलवीसाहेब दाढी धरून हसले. पुढं लिहिलं होतं — पण फळ्याच्या बाजूनं. तेव्हा ते हसायचे थांबले आणि म्हणाले, आमीन.

चन्नबसप्पाचा मजमून दीड ओळीचा. कानडीत विचार केलेला, उर्दूत आणेपर्यंत मोडून पडलेला. मौलवीसाहेब म्हणाले, “सवालां में शेर, मजमून में बकरी.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, याचं उर्दू जरा बसवा. मी हो म्हणालो.

२४ फेब्रुवारी

आज डोंगरावर चन्नबसप्पानं हळूच विचारलं, मजमून घ्यायचा का? पण माझं जीवेचं प्रमेय राहिलं होतं, आणि आत्ता कुठं डोकं चालायला लागलंय. म्हणालो, हे एवढं होऊ दे. तो बरं म्हणाला आणि कोळसा उचलला. पोरगं मोठं गुणाचं आहे.

२५ फेब्रुवारी

शाळेतल्या चाचणीत गणितात पस्तीस! तेहेतीसला पास!! आप्पांना सांगितलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला नसता.

४ मार्च

निरोप समारंभ. खुर्ची उन्हात, भाषण आटोपशीर. नववीच्या पोरांनी ऐकलं माझं.

प्रत्येकानं मागचं एक आणि पुढचं एक सांगायचं, अशी आमच्या शाळेची रीत. बिराप्पानं पहिल्या दिवसाचं सांगितलं. घोंगडी पांघरून आला होता म्हणून शिपायानं त्याला फाटकातच अडवलं होतं, म्हणे मेंढरं बाहेर बांधून ये. गफूर बोलता बोलता रडला, त्याचं बघून बिराप्पा रडला, आणि पुढचे अमीनसाहेब रडताना बघून सगळे हसले. चन्नबसप्पानं मराठीत दोन वाक्यं सांगितली. मागचं — पहिल्या वर्षी मला इथली भाषा कळत नव्हती तेव्हा महांतप्पा अण्णा वरच्या वर्गातून येऊन शेजारी बसायचे. पुढचं — बघू.

माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहायच्या आधीच हशा! मागचं सांगायचं तर माझ्याकडं इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त आहेत, असं मी सुरू केलं. नवीन भाषण करावं असं मनात होतं, पण जुनंच तोंडपाठ, तेच आलं. मधल्या ओळी पोरांनीच म्हटल्या. हार घालताना हेडमास्तर कानात म्हणाले, महांतप्पा, पुढच्या वर्षी फुलं आणणार नाही बरं का.

घरी आलो आणि हार शिवकांताच्या हातात दिला. ती म्हणाली, “या खेपेचा वाळवून ठेवते. या खेपेचा खरा हाय.” हिला माझ्यावर एवढा भरवसा कशाचा?

२० मार्च

गणिताचा पेपर. सहा सवाल आले. सहा!! स्पर्शिकेचा होता, जीवेचाही होता. पेपर हातात घेतला तर चन्नबसप्पाचा कोळसाच दिसत होता. बाहेर येऊन त्याला उचलून फिरवला. शिपाई बघत होता.

२४ मार्च

उर्दू झालं. माझा मजमून चार पानं. चन्नबसप्पा मागाहून बाहेर आला. लिहिलं म्हणाला. वाटेनं मी त्याला गणिताचा तिसरा सवाल पुन्हा सांगत होतो, कसा सोडवला ते. तो ऐकत होता.

१९ एप्रिल

हेडमास्तरांनी बोलावलं. भूमच्या शाळेत मॅट्रिक झालेला एक मास्तर हवाय, राहायला खोली मिळेल. पास झालास तर तुझं नाव लावतो म्हणाले. आप्पांना सांगितलं. ते गजानं कापड मोजत होते, मान वर न करता म्हणाले, भूमला पाणी जपून वापर. म्हणजे परवानगी!

३ जून

आठ दिवसांत निकाल. दुकानात बसलोय. गिऱ्हाइकानं तीन वार मागितलं, मी पाच फाडलं. आप्पा म्हणाले, लवकर पास हो, नाहीतर दुकान बुडवशील.

११ जून

पास!

पास पास पास! हैदराबादचा पेपर मोटारीनं आला, फाटकावर झुंबड. माझा नंबर दिसला आणि मी तिथून जो पळत सुटलो तो घरी येऊनच थांबलो. एक चप्पल गेली. आप्पांनी दुकान बंद केलं — भर बाजारच्या दिवशी! गल्लीभर पेढे. शिवकांता दारामागं उभी राहून रडत होती. हेडमास्तरांचा निरोप आला, सोमवारी भूमला हजर व्हा.

इतरांचे नंबर बघायचे राहिले. चन्नबसप्पाचा तर बघायचं कारणच नव्हतं. उद्या त्याला पेढे नेऊन देतो.

१२ जून

चन्नबसप्पा नापास. उर्दूत. बाकी सगळ्यात शाळेत पहिला.

मठात गेलो तर तो पेटी बांधत होता. नापासाला मठात जेवण नाही, आणि जेवण नाही म्हणजे शाळा नाही. पेढ्याचा पुडा मी पाठीमागं धरला. चूक माझी आहे, रोजचा तुझा अर्धा तास मी खाल्ला, असं कसंबसं म्हणालो.

तो म्हणाला, “मला कळत हुतं की अण्णा. पण तुमची तिसरी खेप हुती. माजी पयलीच.”

पेटी मी उचलली. सोमवारी भूमला आम्ही तिघं जातोय, मी, शिवकांता आणि तो. तिथं रोज सकाळी आधी उर्दू.