शून्य अळ्यांचा मंगळवार

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (‘बरा आहे’ असं लिहू नकोस. आईही तेच म्हणायची आणि आपण दोघी खरं मानून बसलो.) ती गेल्यापासून आपण एकमेकींना तब्येतीशिवाय काही विचारत नाही, म्हणून आज मुद्दाम लांबण लावते.

माझं काम तुला अजून पटलेलं नाही. आमच्या संशोधन बागेत लिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस असे बारा वाण आहेत. त्यांच्यावर औषध मारायचं नाही. दर मंगळवारी ठरलेल्या दहा फांद्यांवरच्या किडी मोजायच्या आणि कुठल्या वाणाला किती लागते ते लिहायचं. (माणसं याहून वाईट कामं करतात.) पपनसाचं पान जाड, अळी तोंड लावते आणि कंटाळून निघून जाते. त्या बाबतीत पपनस तुझ्यावर गेलंय. सगळ्यात हाल पहिल्या ओळीतल्या लिंबाचे. सारखं कोवळं फुटतं, सारखं खाल्लं जातं. आईने दिलेल्या बियांचं आहे ते. आईच्या दारचं झाड नव्या घरमालकाने गाडी लावायला तोडलं, तेव्हापासून तिचं एवढंच उरलंय. आणि या मंगळवारच्या मोजणीत ज्याला सगळ्यात जास्त कीड, तो वाण बागेतून काढायचा असं ठरलंय.

त्यात मंगळवारी पाहुणे यायचे होते. साहेबांना लिंबाच्या पानांवर काळेपांढरे डाग दिसले. “पाखरांनी काय घाण करून ठेवलीय! पुसा आधी!” माळीदादांनी पानन्‌पान ओल्या फडक्याने पुसलं. ताई, ती शीट नव्हती, फुलपाखराच्या अळ्या होत्या. पाखरांनी खाऊ नये म्हणून लहानपणी हुबेहूब तशाच दिसतात. (एवढं सोंग घेतलं आणि साहेबांच्या तावडीत सापडल्या.) मी मोजायला गेले, तर शून्य. साहेब खूश. “बाई, याला तर कीडच लागत नाही!”

माळीदादा हळूच म्हणाले, “लिहा की शून्य. मी कुठे कुणाला सांगतोय?”

लिहिलं. मग त्या शून्याकडे बघत राहिले. शेवटच्या महिन्यात आई डॉक्टरांना ‘काही त्रास नाही’ म्हणायची आणि तेही तसंच लिहून घ्यायचे. तो स्वच्छ कागद मी पाहिलाय. खोडलं. ‘पानं पुसल्याने मोजणी बाद. गेल्या आठवड्यात एकतीस.’ सोमवारी झाड काढणार आहेत. माळीदादा माझ्याशी बोलत नाहीत.

जपून राहा.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबतच्या खोक्यात त्याच लिंबाचं गुटी कलम आहे, फांदीलाच मुळं फुटलेलं. गुटी दोन महिन्यांपूर्वीच बांधली होती, तेव्हा वरचा खरेपणा फार मनावर घेऊ नकोस. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, तुझ्याकडे अंगण. लावशील? आणि मी अधूनमधून बघायला आले तर चालेल?

आणखी एक. वरून तिसऱ्या पानावर पाखराची शीट दिसेल. पुसू नकोस.