वर्गात काय कमी आहे?

३ फेब्रुवारी, सोमवार

लुंबिनीची जागा आजही रिकामी. आई गेल्यापासून ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन सातवीच्या वर्गात यायची. बारक्या मागं सतरंजीवर झोपायचा. कुणाला काही त्रास? न्हाई! तरी मागच्या आठवड्यात हेडसर सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "शाळा हाय का अंगणवाडी? उद्यापासून एकटी ये!"

एकटी कशी येईल? बाप, आनंदराज, उजाडताच कामावर जातो. बारक्याला कुणाजवळ ठेवायचं? मी भांडले. तर म्हणे, "मंजुश्री मॅडम, तपासणीला साहेब येऊन राहिलेत. पोरगं रडलं तर तुम्ही उत्तर देताव का?" झालं! विषय बंद.

५ फेब्रुवारी, बुधवार

नांदेडला प्रशिक्षण. वर्ड क्लाउड शिकवला. पोरांनी फोनवर एकेक शब्द लिहायचा, सगळे शब्द पडद्यावर आणि लिंक असलेल्या फोनवरही एकत्र दिसतात. जास्त जणांनी लिहिलेला मोठा, एकट्यादुकट्याचा बारीक. नाव कुणाचंच दिसत नाही. येताना लोह्यापर्यंत बसमध्ये उभी. पाय गेले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात केलं. माझाच फोन हातोहात फिरवला. प्रश्न — शाळेत काय आवडतं? पहिला सुदर्शन, वर्गातला हुशार. त्यानं लिहिलं 'शिस्त'. मागून लगेच, "काय लिहिलास रे?" — संपलं! पडदाभर एकच शब्द. सगळ्यांनी त्याचंच उतरवलं!

हेडसर खूश. "लई भारी! हेच साहेबांना दाखवू." शिस्त कुणाला आवडते हो? मला तर रडूच आलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवा प्रश्न लिंकसकट पालकांच्या ग्रुपवर टाकला — 'वर्गात काय कमी आहे?' ज्यानं त्यानं आपल्या घरून लिहायचं, सुदर्शनला विचारायचं नाही! पंखा, नळ, असलंच येईल म्हणा.

आनंदराजचा नंबर अजून ग्रुपात आहे. हेडसर म्हणाले, "पोरगी येत न्हाई तर काढून टाका." काढला नाही. तेवढंच माझ्या हातात.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रोजेक्टर लावला. पंखा बारीक. नळ बारीक. आणि मधोमध ढब्ब्या अक्षरात — लुंबिनी.

मला वाटायचं पोरं विसरली तिला! तिच्या जागेवर रोज दप्तरं टाकतात म्हणून परवाच मी खेकसले होते. सुदर्शन हळूच म्हणाला, "मॅडम, जागा धरून ठिवलो आम्ही तिची." एसटीत रुमाल टाकतात तशी!

हेडसर आले. बघितलं. घसा खाकरला. "हे पुसून टाका. परवा साहेबांसमोर शिस्तीचंच लावा." आणि गेले. एवढ्या मोठ्या अक्षरातलंही यांना वाचता येत नाही! घरी येऊन जेवले नाही. नोकरीचा वीट आलाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शाळा भरायच्या आधी पुसायला म्हणून उघडलं. अगदी कोपऱ्यात, सगळ्यात बारीक अक्षरात, काल नसलेला एक शब्द —

'येऊ?'

बारक्याची सतरंजी झटकून मागं अंथरली. हेडसरांना विचारलं नाही. स्कूटीची किल्ली हातात आहे, दोघांना आणायला निघाले.