मास्तरांपर्यंत न पोचलेला गृहपाठ

प्रिय ताई,

नमस्कार. मी खाऊनपिऊन बरी आहे, खोलीत ऊनही छान येतं, तेव्हा आधी काळजी सोड. तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या छकुलीचा खोकला थांबला का? आईची आठवण काढून फार रडत नाही ना?

इथे मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालंय. प्रोग्रामिंगचा गृहपाठ आपल्या कॉम्प्युटरवर करायचा, 'कमिट' करून तिथेच जपायचा आणि मग 'पुश' करून मास्तरांकडे पाठवायचा. मी महिनाभर नुसतं कमिटच करत राहिले. आज मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्याकडून काहीच आलेलं नाही."

"अहो, रोज करते मी!"

शेजारची मुलगी हसली. "मावशी, स्वयंपाक केलात, पण वाढायचं विसरलात की!"

घाईने सगळं एकदम पाठवायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणतो, आधी वर्गातल्या बाकीच्यांनी पाठवलेलं काम उतरवून घ्या. घेतलं, तर त्यांच्या आणि माझ्या ओळी एकमेकींत अडकल्या. आता कुठली ठेवायची, ते मलाच विचारतो. चुकीची पुसली तर? हे असते तर नुसतं "सावकाश" म्हणाले असते, तेवढ्यानेही धीर आला असता.

उद्यापर्यंत पोचलं नाही, तर वर्गातून नाव काढतील. मग नोकरी नाही, आणि छकुलीला इकडे आणणंही नाही.

पुन्हा बसते आहे. फोन करशील तेव्हा रागाव, हस, काहीही कर, पण "परत ये" म्हणू नकोस. म्हणालीस, तर मी खरंच येईन.

तुझी वेडी बहीण